बोढ्यांकडे आलेली माणसं

१

माझं काम काय ते सांगितलं की लोकांचा चेहरा कोरा होतो, म्हणून आधीच सोपं करून सांगतो. एखादं दुकान जुन्या जागेवरून हललं की मालक शटरवर पाटी लावतो, दुकान समोरच्या गल्लीत गेले आहे. वेबसाइटचंही तसंच. पानाचा पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला "पान सापडले नाही" एवढंच दिसतं आणि तो वैतागून निघून जातो. मी त्या जुन्या पत्त्यावर पाटी लावतो. तिला रीडायरेक्ट म्हणतात. जुन्या दारावर आलेल्या माणसाला ती आपोआप नव्या दारी नेऊन सोडते. सौसरला घरी बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी नऊ वर्षं मी हेच करतोय. यात न समजण्यासारखं काही नाही, तरी लोक विचारतातच, "मंग दिवसभर करते काय तू?"

घरात मी आणि आई. बाबा, सुखदेव कामडी, सहा वर्षांपूर्वी गेले. बहीण सरला सावरगावला दिलेली, पांढुर्ण्याच्या नदीपलीकडे. आईचं नाव पुष्पा. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. हिरवं बटण आणि लाल बटण, बाकीच्या बटणांशी तिचा काही संबंध नाही. वेबसाइट म्हणजे काय हे तिला मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तिने मधेच उठून दूध पाहिलं.

फेब्रुवारीत गजाननभाऊ आले. ते आमच्या समाज मंडळाचे सचिव. मंडळाची कुटुंबसूची आहे, सौसर आणि पांढुर्णा दोन्ही तालुक्यांतल्या आमच्या घरांची. पूर्वी पुस्तक निघायचं, आता वेबसाइट आहे. प्रत्येक घराला एक पान. कुटुंबप्रमुख कोण, घरात माणसं किती, फोन, आणि घरापर्यंत यायचा नकाशा. सोयरीक पाहायला, पत्रिका वाटायला, कोणी गेलं तर निरोप द्यायला लोक तीच उघडतात.

"जिल्हा पांढुर्णा होऊन दोन वर्षं होऊन गेले," गजाननभाऊ म्हणाले, "अन् आपल्या साइटवर पहा तं सगळ्यायच्या पत्त्यात अजून छिंदवाडाच. लोक मले बोलून राहिले. तू एवढं करून दे प्रतीक."

"देतो करून," मी म्हणालो. समाजाच्या कामाला नाही म्हटलं की चार ठिकाणी आईला ऐकावं लागतं.

२

एक हजार एकशे बारा घरं निघाली. सगळ्यांच्या पत्त्यातला छिंदवाडा काढला, पांढुर्णा घातला, जुन्या पत्त्यांवर पाट्या लावल्या. दोन दिवसांचं काम. त्यानंतर तुटलेल्या लिंकांची यादी काढायची असते, म्हणजे कोण कोणत्या पत्त्यावर आलं आणि काही न सापडता परत गेलं. यादी रिकामी झाली की काम झालं.

माझ्या यादीत एकच पत्ता उरला. मोहगाव, घर क्रमांक एकेचाळीस.

हे पान माझ्याकडे नव्हतंच. जुन्या साठ्यात शोधलं, तिथेही नाही. मोहगावचं चाळीस होतं, बेचाळीस होतं. गजाननभाऊंना फोन लावला.

"एकेचाळीस म्हणजे चिंधू बोढे," ते म्हणाले. "तो अन् त्याची बायको मनकर्णा, दोघंच होते. तिथं आता कोणी नाही. घर बंद आहे. मीच काढलं ते नाव."

"वेबसाइटवरून?"

"वेबसाइट कुठी होती तेव्हा? पुस्तकातून काढलं. लय वर्षं झाले त्याले."

म्हणजे वेबसाइटवर हे पान कधीच नव्हतं. तरी रोज कोणीतरी त्यावर येत होतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक, मग तीन, मग पाच. मी स्वतःला समजावलं की असे फिरते प्रोग्राम असतात, ते आकडे लावून पाहतात. चाळीस आहे, बेचाळीस आहे, म्हणजे एकेचाळीस असेलच, असं त्यांना वाटतं. हे समजावणं मला पटलंही होतं. फक्त वेळ तेवढी खटकली. सगळे दुपारी चार ते पाचच्या मधे येत होते. प्रोग्रामला दिवस काय आणि रात्र काय. चार वाजता कोणाच्या घरी जायचं असतं ते माणसांना.

मला यादी रिकामी पाहायची होती. नीट करायचं तर त्या पत्त्यावरून सूचीच्या पहिल्या पानाकडे पाटी लावायची. पण मी चाचणीसाठी सकाळपासून आमच्याच घराचं पान वापरत होतो, त्याचा पत्ता कॉपी केलेला होता, तोच चिकटवला. नंतर बदलू म्हटलं. पाटी दोन प्रकारची असते, तात्पुरती आणि कायमची. निवड आधीपासून "कायमची"वर होती, ती मी तशीच राहू दिली. आपल्याच घराचं पान, कोणाचं काय जाणार होतं.

यादी रिकामी झाली. गजाननभाऊंना फोटो पाठवला, त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

३

चौथ्या दिवशी चारच्या सुमारास फाटकाशी मोटरसायकल थांबली. नवरा-बायको, तिशीतले. बाईच्या हातात लग्नपत्रिकांची पिशवी आणि हळद-कुंकवाची डबी. पत्रिकेवर पेनाने लिहिलं होतं, श्री. चिंधूजी बोढे व परिवार, मोहगाव.

"हे बोढ्यांचं घर नाही जी," मी म्हणालो. "हे सौसर आहे."

त्याने फोन पुढे केला. मंडळाची सूची, आमच्या घराचं पान, आमचा नकाशा. "याच्यात तं हेच दाखवून राहिलं." त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांनी गाव आणि घर नंबर सांगितला, त्याने तो टाकला आणि फोन म्हणाला तसा आला. मला माझाच राग आला. चूक साइटची आहे, म्हणजे माझी आहे, असं मी सांगू लागलो, तोवर आई बाहेर आली होती.

"आणा इकडं," ती म्हणाली. "दारी आलेली अक्षत वापस नाही करत. नाव कोणाचंही असो."

आमच्याकडे हे आहे. पत्रिकेसोबत हळदीच्या अक्षता देतात, आणि अक्षता दारातून परत पाठवत नाहीत. आईने पदर पसरून घेतल्या. इथवर सगळं ठीक होतं. मग त्या बाईने डबी उघडली आणि आईच्या कपाळाला कुंकू लावलं.

बाबा गेल्यापासून आईने कुंकू लावलेलं नाही. मी तिला कितीदा म्हटलं, लाव, आता कोण पाहतं, तर माझ्यावरच चिडायची. हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात ती मागच्या मागे स्वयंपाकघरात जाते. त्या बाईला ठाऊक नसेल, मान्य. पण आई मागे सरली नाही. तिने मान थोडी पुढे केली.

"येजा बरं काकू," बाई म्हणाली. "काकाले घेऊनच येजा."

"येऊ न," आई म्हणाली.

ते गेल्यावर मी विचारलं. "अरे, पोरगी चुकली," आई म्हणाली. "तिले काय लाजवू का दारात?" हे बरोबर होतं. आई अशीच आहे, समोरच्याला लाजवणार नाही. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती तेव्हा कपाळावर कुंकू तसंच होतं.

४

पुढच्या दहा-बारा दिवसांत बोढ्यांकडे जाणारी बरीच माणसं आमच्याकडे आली. रामाकोन्याचा एक शेतकरी संत्र्याची कलमं कधी न्यायची ते विचारायला आला. दोन बहिणी आल्या, त्या नुसत्या बसल्या, चहा प्याल्या आणि गेल्या. मी प्रत्येकाला सांगत होतो की पत्ता चुकला. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि माझ्या खांद्यावरून आत पाहत की आई आहे का.

पहिल्यांदा आलेल्यांकडे फोन होते. नंतर आलेल्यांकडे ते नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एक म्हातारी पितळेची परात घेऊन आली. परातीच्या काठावर नाव कोरलेलं होतं, सौ. मनकर्णा चिं. बोढे.

"लग्नात नेली होती," ती आईला म्हणाली. "आणाचंच राहून गेलं."

"राहू दे वं, कुठी पळून चालली होती परात?" आई म्हणाली, आणि ती घेऊन मांडणीवर ठेवली.

मी म्हातारीला विचारलं, "तुम्हाले हे घर कोणी सांगितलं?"

"सांगन कोण?" ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहत म्हणाली. "नेहमी तं येऊन राहिली मी."

ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. तिथे एक फरशी खाली दबलेली आहे, नवीन माणूस तिथे बसला की डगमगतो आणि सरकून बसतो. ती बरोबर त्या फरशीच्या अलीकडे बसली होती.

त्याच संध्याकाळी मी ती पाटी काढून टाकली. खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. आळस केला, दुसरं कारण नाही. पाटी निघाली म्हणजे आता एकेचाळीस नंबर पुन्हा तुटलेल्यांच्या यादीत दिसायला हवा होता, रोज पाच-सात वेळा.

यादी रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिघं आले.

५

कायमच्या पाटीचं असं असतं. माणूस जुन्या दारावर येतो, पाटी वाचतो, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो जुन्या दारावर जातच नाही, थेट नव्या दारी येतो. मग जुन्या दारावरची पाटी काढली काय आणि ठेवली काय, तिकडून कोणी जातच नाही. एकदा सांगितलेलं तो परत विचारत नाही. ब्राउझरमधली ही आठवण पुसता येते, दोन बटणं दाबावी लागतात. मी लोकांना फोनवर ती बटणं सांगत आलोय.

परात घेऊन आलेल्या म्हातारीला मी काय दाबायला सांगणार होतो?

मी इतकं लिहिलं तरी मला तेव्हा भीती वाटत नव्हती हे खरं आहे. मला त्रास होत होता. चार वाजले की काम सोडून उठावं लागे. भीती वाटली ती आईमुळे.

ती साडेतीनला चहाचं मोठं पातेलं चढवायला लागली. कोण येणार ते मोजून कप मांडायची, आणि तेवढेच येत. ते गेल्यावर मला सांगायची, रामाकोन्याच्या शेतकऱ्याची सून बाळंत झाली, त्या दोघी बहिणींपैकी धाकटीचे गुडघे दुखून राहिले. मी विचारलं, "तुले कसं माहीत?" तर म्हणाली, "आता आपलीच माणसं नाही का ते?" आणि लगेच थांबली. मला वाटलं ती स्वतःच गोंधळली. मग तिने फडकं घेऊन ओटा पुसला.

एकदा मी बाहेरून आलो तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "आले का जी?"

बाबांना ती कधी असं म्हणाली नाही. बाबा आले की ती नुसती उठायची.

"कोणाले म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हटलं मी?" ती म्हणाली.

आणि त्या आठवड्यात तो माणूस आला. म्हातारा, धोतर, पांढरी टोपी, हातात काहीच नाही. बाकीचे सरळ आत यायचे. हा फाटकाबाहेर उभा राहिला आणि घराकडे पाहत राहिला, खालपासून वरपर्यंत, घर ओळखीचं वाटत नसल्यासारखा. मी गेलो.

"मनकर्णा आहे का घरी?" त्याने विचारलं. आवाज साधा होता, दमलेला.

"इथं मनकर्णा कोणी नाही," मी म्हणालो. "माही आई राहते इथं. पुष्पा नाव आहे तिचं."

त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग माझ्यामागे पाहिलं. मीही वळून पाहिलं. आई दारात उभी होती, पदर डोक्यावर घेतलेला. आमच्या घरात पदर डोक्यावर घ्यावा असं माणूस आता कोणी उरलेलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "तयारी करू द्या तिले. मी येतो मंग घ्यायले."

६

गजाननभाऊंना मी सरळ विचारलं. "चिंधू बोढे मेला का?"

"असं काहून विचारतं बा?"

"सांगा न."

"मेला असं कोणी सांगितलं नाही. एक दिवस घर बंद दिसलं, एवढंच. बाहेरून कडी होती. लोकायले वाटलं गेले असतीन कुठी पोरीकडं. मंग कोणीतरी म्हटलं त्यायले पोरगी नाही." ते पुढे म्हणाले, "तू ते सोड. साइट चांगली झाली, सगळे म्हणून राहिले."

मी फोन ठेवला आणि आईला म्हणालो, आठ दिवस सरलाकडे जाऊन ये. तिने आढेवेढे घेतले. सरलावर तिचा इतका जीव, एरवी एका पायावर तयार असते. "अन् चार वाजता लोक येतात, त्यायले पाणी कोण देईन?" म्हणाली. मी आवाज चढवला. तिच्यावर आवाज चढवायची मला सवय नाही, मला स्वतःलाच वाईट वाटलं. पण सकाळच्या बसमध्ये तिला बसवलं, पांढुर्ण्याला सरला घ्यायला येणार होती, आणि बस सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा राहिलो. तिने खिडकीतून माझ्या केसांवर हात फिरवला. "जेवजो बरं टायमावर," म्हणाली. ती माझीच आई होती, त्या क्षणी तरी नक्की.

घरी येऊन मी विचार केला. जुन्या दारावर आता कोणी जात नाही, सगळे थेट आमच्या दारी येतात. मग पाटी आमच्या दारावर लावली पाहिजे. मी मोहगाव, घर क्रमांक एकेचाळीस असं नवं पान बनवलं. कुटुंबप्रमुख चिंधू बोढे, पत्नी मनकर्णा, नकाशावर ते बंद घर. आणि आमच्या घराच्या पानावरून त्या पानाकडे पाटी लावली. ज्याची माणसं, त्याच्या घरी.

तात्पुरती की कायमची, हे मी या वेळी विचार करून ठरवलं. तात्पुरती लावली तर माणूस दर वेळी आधी आमच्या दारी येणार आणि मग तिकडे जाणार. मला ते दारीच नको होते. त्यांनी एकदा ऐकावं आणि परत विचारू नये, हेच मला हवं होतं. मी "कायमची" निवडली. मग आमचं पान उघडून पाहिलं. मोहगावचं घर आलं. काम बरोबर झालं होतं.

चार वाजले, कोणी आलं नाही. पाच वाजले. सहाला मी एक कप चहा केला आणि ओसरीवर बसून प्यालो. मला आनंद झाला होता, लपवत नाही.

७

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला नाही. पेपरही नाही. दूध मी चौकातून आणलं, डेअरीवाल्याने नेहमीसारख्या गप्पा मारल्या. कंपनीचं एक पार्सल यायचं होतं, त्या माणसाचा फोन आला की मी दारात उभा आहे, उघडा. मी दार उघडलं तर बाहेर कोणी नव्हतं. "कुठी आहे तुम्ही?" विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या ओसरीवरच तं उभा आहो साहेब." मग फोन कटला. रेंजचा घोळ असेल म्हटलं. चार वाजता कोणी येत नव्हतं, मला तेवढं पुरत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला सरलाचा फोन आला.

"दादा, आई पोचली न?"

"कुठून?"

"अरे, दहाच्या बसनं बसवलं मी. आयकतच नव्हती. सकाळपासून पिशवी भरून बसली होती, मले घरी जायचं आहे, तिकडं वाट पाहून राहिले म्हणे. मले वाटलं तू बोलावलं."

सावरगावहून निघून पांढुर्ण्याला बस धरली तरी बारापर्यंत ती घरी यायला हवी होती. मी आईला फोन लावला. तीनदा वाजून गेला. चौथ्यांदा उचलला.

"कुठी आहेस तू?"

"घरीच आहो," आई म्हणाली. "केव्हाची आली."

मी घरातच होतो. तरी उठून स्वयंपाकघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. फोनमधून भांड्यांचे आवाज येत होते. कपबशा. दोन-तीन बायका बोलत होत्या, एक हसली.

"कोणत्या घरी आई?"

"घरी म्हणजे घरी. असं काय विचारतं?" ती कोणाला तरी म्हणाली, साखर खालच्या डब्यात आहे. मग फोनवर, "ठेवू का? लोक बसून राहिले." आणि तिने ठेवला. लाल बटण ती नेहमी जोरात दाबते, तो आवाजही आला.

आईने ती वेबसाइट कधी उघडली नाही. तिच्या फोनवर ती उघडूच शकत नाही. असं मी दोनदा मोठ्याने म्हणालो, कोणाला ते माहीत नाही, आणि लॅपटॉप उघडून ती पाटी काढली. आमचं घर पुन्हा आमच्या पत्त्यावर आलं. खात्री केली. मग आईला पुन्हा फोन लावला. तो लागला नाही.

मोहगावला मी स्कूटरने निघालो.

८

घर शेवटच्या गल्लीत आहे. कुणाला विचारावं लागलं नाही, नकाशावर मीच ते घातलं होतं. बाहेरून कडी असेल, गंजलेली, आणि मी इथेतिथे पाहून परत जाईन, असं मी रस्ताभर स्वतःला सांगत आलो होतो.

दार उघडं होतं. अंगणात ताजा सडा टाकलेला, अजून ओला. पायरीखाली चपला होत्या, पंधरा-वीस जोड, लहान-मोठ्या, नीट ओळीत. त्यात आईचीही होती, डाव्या अंगठ्याला मीच शिवून आणलेली. आत अंधार होता, दुपारच्या उन्हातून पाहिलं की दिसतो तेवढाच. त्या अंधारात माणसं बसलेली होती. मला गुडघे दिसले, मांडीवर ठेवलेले हात दिसले, बशा दिसल्या. चेहरे दिसले नाहीत. मी पायरीपाशी आलो तसं बोलणं थांबलं, पाहुण्यांच्या घरी अनोळखी माणूस आला की थांबतं तसं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कोण पाहिजे भाऊ?" तिने विचारलं.

"आई," मी म्हणालो.

ती हसली. रस्ता चुकलेल्या माणसाकडे पाहून ती हसते ते हसू मला ठाऊक आहे, आमच्या फाटकाशी मी ते शंभरदा पाहिलंय. "कोणाचे तुम्ही?"

"मी प्रतीक. पुष्पाबाई कामडीचा मुलगा. तुहाच."

"पुष्पाबाई," ती आठवत म्हणाली. "सौसरच्या न? मंग तुम्ही चुकले जी. हे बोढ्यांचं घर आहे."

आतून पुरुषाचा आवाज आला. साधा, दमलेला. "कोण आहे वं?"

"कोणी नाही," ती आत पाहून म्हणाली. "पत्ता चुकले."

मला तिचा हात धरायचा होता. मी एक पायरी चढलो, आणि ती एक पाऊल मागे सरली, परक्या पुरुषापासून बाई सरते तेवढंच. मी तिथेच थांबलो. त्या एका पावलाने मला जे झालं ते मला सांगता येत नाही. मला रडू आलं, आणि मी रडतोय हे पाहून तिला दया आली.

"असं करा," ती म्हणाली. "आल्या रस्त्यानंच वापस जा. सौसरले चौकात डेअरी आहे, तिथून उजव्या हाताले वळा. तिसरं घर, हिरवं फाटक. फाटक ओढून घ्या, ढकलून उघडत नाही. पुष्पाबाई घरीच असतात, कुठी जात नाही त्या. अन् त्या नसल्या तरी त्यायचा पोरगा असते, दिवसभर कॉम्प्युटरवर बसून. त्याले विचारजा. लय गुणाचं पोरगं आहे."

ती आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. "उन्हात आले. पाणी तरी घ्या."

मी पाणी प्यालो, ग्लास तिच्या हातात दिला, आणि तिने सांगितलेल्या रस्त्याला लागलो.